रिकामं घर आणि कुलूपबंद कपाट

सप्रेम नमस्कार.

कर्वेनगरमध्ये आमचा वन बीएचके आहे. इमारत १९८९ची, तिसरा मजला, लिफ्ट नाही. कार्पेट एरिया साधारण ५२० चौरस फूट. सासूबाई शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. त्यांच्यानंतर काही वर्षं ह्यांचा भाचा राहिला, तो एप्रिलअखेर बंगळुरूला गेला. आता पहिल्यांदाच बाहेरच्यांना भाड्याने द्यायचं ठरवलंय. आम्ही १७,००० सांगतो. खालच्या मजल्यावरचा अगदी तसाच फ्लॅट १८,०००ला गेला. आमच्याकडे आतापर्यंत अकरा जण येऊन गेले, सगळे ‘कळवतो’ म्हणाले. ऑगस्ट संपत आला तरी कोणीच कळवलेलं नाही.

एजंट म्हणतो, मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग आणि नवीन टाइल्स केल्याशिवाय हल्लीची मुलं बघत नाहीत. त्याचा अंदाज तीन लाखांचा. आम्ही दोघं पेन्शनवर, ७०,०००च्या वर जाता येणार नाही. बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात थोडी ओल येते, ती रंगात झाकली जाईलच. सासूबाईंचं लोखंडी कपाट बेडरूममध्ये आहे आणि माळ्यावर त्यांची भांडी आहेत. त्यांना कुलूप लावून ती तशीच ठेवणार आहोत. एवढ्या पैशांत घर आकर्षक कसं करावं?

– एक वाचक, कर्वेनगर

ताई, नमस्कार.

आधी हिशेब करू, म्हणजे तीन लाखांचं दडपण उतरेल. समजा, एजंट म्हणतो ते सगळं केलं आणि भाडं दोन हजारांनी वाढलं. तीन लाख वसूल व्हायला १५० महिने लागतील, म्हणजे साडेबारा वर्षं. तोवर त्या मॉड्युलर ट्रॉल्यांचे रनर गंजून दोनदा बदलावे लागतील. शिवाय घरभाड्याच्या उत्पन्नावर आयकरात दुरुस्तीपोटी ३० टक्के सरसकट वजावट मिळते, तुम्ही तीन लाख खर्च करा नाहीतर तीन रुपये. जास्त खर्चाने कर कमी होत नाही. उलट मे ते ऑगस्ट घर रिकामं राहिलं त्याचे ६८,००० गेलेच, जवळजवळ तुमच्या सगळ्या बजेटएवढे. म्हणून जे लवकर होईल आणि येणाऱ्याला पहिल्या दहा मिनिटांत जाणवेल, तेवढंच करायचं.

ते अकरा जण काय बघून गेले असतील, याचा मी विचार करत होते. तीन जिने चढून माणूस दारात येतो तेव्हा त्याला धाप लागलेली असते. दार उघडल्यावर पहिला मोठा श्वास तो तुमच्या घरातला घेतो. बंद घराचा एक वास असतो आणि घरमालकाला तो सहसा येत नाही, कारण आपण त्या घराला सरावलेले असतो. या वासाचं एक कारण अगदी साधं आहे. न्हाणीघरात, संडासात आणि सिंकखाली जो ट्रॅप असतो (न्हाणीघराच्या जमिनीतल्या ट्रॅपला प्लंबर नानी ट्रॅप म्हणतात), त्यात थोडं पाणी कायम साठून राहतं. ड्रेनेजचा वास आणि झुरळं त्या पाण्यामुळे खालीच अडतात. घर महिनाभर बंद राहिलं की ते पाणी सुकतं आणि ड्रेनेज थेट घरात उघडतं. दर आठवड्याला प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्या-दोन तांबे पाणी ओता आणि वर चमचाभर गोडं तेल सोडा. तेलाच्या तवंगामुळे पाणी लवकर उडत नाही. याला पैसे लागत नाहीत आणि घरातला निम्मा वास जातो. उरलेला निम्मा ओलीचा आहे.

ओल रंगात झाकली जात नाही, ताई. हे मी ठासून लिहिते आहे, कारण मी स्वतः ही चूक केलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या पेठेतल्या घराची एक खोली भाड्याने द्यायची होती. घाई म्हणून भर जुलैत ओलसर भिंतीवर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घेतली आणि वर छान मोतिया रंग दिला. आठ दिवस भिंत देखणी दिसली. पाऊस थांबून हवा कोरडी झाल्यावर गिलाव्यात अडकलेलं पाणी बाहेर यायला लागलं. येताना विटा-सिमेंटमधले क्षार घेऊन आलं आणि मार्गशीर्षापर्यंत हातभर पोपडे सुटले. पोपड्यांमागे काळी बुरशी होती. भाडेकरूंच्या मुलाला दम्याचा त्रास होता, तो वाढला. त्यांनी भांडण केलं नाही, मार्चमध्ये शांतपणे घर सोडलं. ते मला अजून लागून राहिलं आहे.

तुमची भिंत पश्चिमेची आहे आणि पुण्यात पावसाची झड पश्चिम-नैऋत्येकडूनच येते. तेव्हा पाणी बाहेरून येत असण्याची शक्यता मोठी आहे. पण आधी खात्री करा. ओलीच्या जागी वीतभर जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक दिवस राहू द्या. भिंतीकडच्या बाजूला दव जमलं तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला जमलं तर ती कोंदटलेली हवा आहे, खिडक्या उघड्या ठेवल्या की भागेल. भिंतीतूनच येत असेल तर बाहेरच्या गिलाव्यातली भेग, छज्जा आणि भिंतीचा सांधा, खिडकीच्या चौकटीभोवतीची फट आणि जवळून जाणारा पाइप, एवढं नीट बघून घ्या. हे आत्ताच बघायचं, पाऊस चालू असतानाच. ऑक्टोबरात कोरड्या भिंतीवर चोर सापडत नाही.

अनेकांना माहीत नसतं म्हणून सांगते: गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाचं पाणी बाहेरच्या भिंतीतून झिरपत असेल तर त्याची दुरुस्ती सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायची असते. आपल्याच न्हाणीघरातून किंवा सिंकमधून गळत असेल तर खर्च आपला. म्हणून फोटो काढून ठेवा आणि सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका.

तोपर्यंत घर रिकामं ठेवायचं का? अजिबात नाही. त्या भिंतीवरचे पोपडे खरवडून घ्या, बुरशी ब्लीचच्या पाण्याने पुसा आणि भिंत उघडी राहू द्या. घर बघायला येणाऱ्याला आपणहून सांगा, ‘इथे ओल येते, सोसायटीला अर्ज दिलाय, पाऊस संपला की दुरुस्ती होऊन ही भिंत रंगवून मिळेल.’ खरवडलेली भिंत बघून माणूस जेवढा बिचकतो, त्याहून जास्त रंगाखालून डोकावणारा ओलीचा डाग बघून बिचकतो. त्या डागावरून त्याला वाटतं, इथे अजून काय काय झाकलं असेल.

बाकीच्या भिंती मात्र रंगवून घ्या. पूर्ण घराला एकच फिकट रंग, छत पांढरं. एक भिंत जांभळी नाहीतर केशरी करायची हौस रंगारी सुचवतात, तिच्या वाटेला जाऊ नका. ती बघून निम्म्या लोकांना घर आवडतं आणि निम्म्यांना नकोसं होतं, आणि ५२० फुटांचं घर आणखी लहान दिसतं. साधं डिस्टेंपर स्वस्त पडतं, पण ओल्या फडक्याने पुसलं की त्याचा रंग निघतो. पुसता येईल असं साधं इमल्शन घ्या. स्वयंपाकघरात आणि स्विचबोर्डांभोवती त्याचा उपयोग रोज कळेल. भिंती आणि छत मिळून रंगवायचं क्षेत्र कार्पेटच्या साधारण साडेतीनपट धरतात, म्हणजे तुमच्याकडे १,८०० चौरस फुटांच्या आसपास. रंगारी २,५०० म्हणाला तर टेप घेऊन त्याच्याबरोबर मोजा. शेड नंबर मीटरच्या पेटीच्या दाराच्या आतून लिहून ठेवा आणि लिटरभर रंग जपून ठेवा. पुढचा भाडेकरू बदलताना खिळ्यांची भोकं बुजवून तेवढंच टचअप करता येईल. मुख्य दार त्या काळातलं सागवानी असेल तर त्याला ऑइल पेंट फासू नका. घासून पॉलिश करून घ्या, तीन जिने चढून आलेल्या माणसाला ते पहिलं दिसतं.

आता उजेड. जुन्या फ्लॅटांमध्ये हॉलला एक ट्यूब आणि बेडरूमला एक मरतुकडा बल्ब असतो. प्रत्येक खोलीत २० वॉटची एलईडी ट्यूब लावा. जुन्या ४० वॉटच्या ट्यूबइतका उजेड तिच्याने पडतो. बेडरूममध्ये जोडीला एक पिवळसर दिवा असू द्या. पिवळे पडलेले, कोपरे फुटलेले स्विचबोर्ड बदला. घराचं वय त्या बोर्डांवरून जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशावरूनही कळत नाही. टापकीर गल्लीत एक चक्कर मारलीत तर स्विच, प्लेट आणि ट्यूब असं सगळं एका दमात घेता येईल. पण वायरमनला एवढ्यावर सोडू नका. अर्थिंग तपासून घ्या आणि मेन बोर्डात करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच नसेल तर बसवा. ज्यांची लेकरं तिथे राहणार आहेत त्यांच्यासाठी हे करायलाच हवं, भाडं वाढो न वाढो. वायरमन आलाच आहे तर खिडकीजवळ टेबल बसेल अशा जागी दोन प्लग पॉइंट करून घ्या. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर तुमच्याकडे तरुणच येणार, कमिन्स कॉलेजच्या मुली नाहीतर नोकरी करणारं जोडपं. त्यांना लॅपटॉप कुठे ठेवायचा, हे बघायचं असतं. वॉशिंग मशीनसाठी १६ अँपिअरचा प्लग, नळ आणि पाणी जायला जागा, या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी आहेत का, हेही ते नक्की विचारतील.

न्हाणीघर आणि संडास यांवर मात्र हात आखडू नका. मुलगी किंवा सून घर बघायला आली की ती हॉल ओलांडून आधी तिथे जाते. टाइल्स फोडायच्या नाहीत. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचे पांढरे थर बसले असतील, ते क्षार असतात. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व, लिटरभर गरम पाण्यात तीन-चार चमचे, टाइल्सवर पंधरा मिनिटं राहू द्या आणि ब्रशने घासा. दोन-तीन वेळा केलं की नळसुद्धा चमकतात. हे पाणी किंवा बाजारातलं अ‍ॅसिड मोझेकवर, कडाप्प्यावर, शहाबादी फरशीवर मात्र चुकूनही सांडू देऊ नका. ते सगळे चुन्याच्या जातीचे दगड, आम्लाने त्यांची झिलई खाल्ली जाते आणि ती घासून परत येत नाही. आणखी एक: बाईंना साफसफाईला सांगाल तेव्हा अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र वापरू नका असं बजावून सांगा. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू निघतो आणि लहानशा न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

टाइल्सच्या काळ्या पडलेल्या फटी खरवडून नवं ग्राउट भरा, भिंती नव्या वाटायला लागतील. कमोडचं सीट कव्हर, जेट, गळणारे नळ आणि ट्रॅपवरची गंजलेली जाळी बदला. आरशाखाली एक फळी आणि दारामागे चार भक्कम हूक लावा. दाराचा खालचा भाग कुजून सुटला असेल तर पत्रा ठोकून वेळ मारून नेऊ नका, फायबरचं दारच बसवा. एक्झॉस्ट फॅन नसेल तर हवाच.

स्वयंपाकघराचं थोडक्यात सांगते. कडाप्प्याचा ओटा असेल तर तो तुमची ठेव आहे, फक्त पॉलिश करून घ्या. सिंक ठीक असेल तर राहू द्या, नळ तेवढा फिरता घ्या. ओट्याखाली उघडं असेल तर अ‍ॅल्युमिनियमची साधी सरकती दारं पुरतात. टाइल्सवर चिकटवायचे चित्रांचे स्टिकर हल्ली सगळीकडे दिसतात. वाफेने आणि तेलाने ते वर्षभरात कडांनी सुटतात आणि मागे झुरळं बसतात, ते लावू नका. खिडक्यांना वेल्क्रोच्या मच्छरजाळ्या मात्र सगळीकडे लावा. पावसाळ्यात पुण्यात डेंग्यूची धास्ती असतेच, जाळी आहे का हे येणारा विचारतोच.

फरशी मोझेकची असेल, तर बदलायचा विचारच सोडा. १९८९चं मोझेक मशीन पॉलिशने असं उजळतं की नव्या टाइल्स त्यापुढे फिक्या वाटतात. पॉलिशचा चिखल भिंतीवर उडतो, म्हणून क्रम सांभाळा: आधी प्लंबर आणि वायरमन, मग फरशी, शेवटी रंग. उलटा क्रम झाला की रंगाऱ्याला परत बोलवावं लागतं.

माझा अंदाज असा, आणि तीन ठिकाणी विचारून तो पडताळून घ्या: रंगाला ३०,०००, न्हाणीघर-संडासाला १२,०००, विजेच्या कामाला १०,०००, फरशीला ७,०००, स्वयंपाकघर आणि जाळ्यांना ६,०००. एकूण ६५,०००. उरलेले पाच हजार हाताशी असू द्या, प्लंबरने भिंत उघडली की काहीतरी निघतंच.

आता ते कपाट. पत्रात तुम्ही ते शेवटी एका ओळीत लिहिलंय, पण ते वाचल्यावर मी थांबले. ताई, मला वाटतं त्या अकरापैकी निम्मे जण त्या कपाटापाशी परत फिरले. तुमच्या बेडरूमची एक आख्खी भिंत त्या कपाटाने धरली आहे आणि दुसरी ओलीने. मग त्यांनी पलंग कुठे लावायचा? जागेपेक्षाही मोठी अडचण वेगळी आहे. ज्या घरात मालकाचं कुलूप आहे, तिथे मालक कधीही ‘जरा कपाटातलं काढायचंय’ म्हणून दार वाजवणार, हे भाडेकरूला कळतं. नव्याने लग्न झालेल्या जोडप्याला ते नको असतं आणि एकट्या राहणाऱ्या मुलींना तर नकोच. खालच्या फ्लॅटचे मालक बहुधा सगळं सामान काढून घेऊन गेले असतील. त्यांना हजार रुपये जास्त मिळतात त्याचं कारण हे असू शकतं.

हे लिहायला सोपं आहे, करायला नाही, याची मला कल्पना आहे. वडील गेल्यानंतर त्यांची खोली मी दोन वर्षं उघडली नव्हती. भाड्याने द्यायची म्हणून उघडली तेव्हा त्यांचा चष्मा, पंचांगं, बँकेची जुनी पासबुकं, नीट घडी घातलेली उपरणी सगळं जिथल्या तिथे होतं. एकटी असते तर परत दार लावून घेतलं असतं. धाकट्या बहिणीला बोलावलं. एका रविवारी दोघी बसलो, एकेक वस्तू हातात घेतली, दुपारपर्यंत नुसत्या बोलतच होतो. संध्याकाळी तीन ढीग झाले. घरी न्यायच्या गोष्टी एका ट्रंकेत मावल्या.

तुम्हीही भाच्याला, नणंदेला, ज्यांना सासूबाईंचा लळा होता त्यांना बोलवा. माळ्यावरची पितळेची भांडी ज्यांच्या घरात वापरली जातील त्यांना द्या, एखादं पातेलं तुमच्याकडे येऊ द्या. कपाट चांगलं असेल तर ते रिकामं करून, आतून पुसून, नवीन किल्ल्यांसह भाडेकरूंसाठीच ठेवा. जाहिरातीत ‘बेडरूममध्ये लोखंडी कपाट’ लिहिता येईल आणि सासूबाईंचं कपाट त्यांच्याच घरात राहील.

वेळेचं म्हणाल तर तुमच्या हातात नेमके दिवस आहेत. गणपती उठले की पितृपंधरवडा लागतो, त्यात नवं घर बघायला फार कोणी निघत नाही आणि कारागीरही थोडे मोकळे असतात. रंग आणि फरशी त्यात उरकून घटस्थापनेला घर दाखवायला तयार ठेवा. दसऱ्याला सामान हलवायचं असं मनात धरून फिरणारी बरीच कुटुंबं तेव्हा भेटतील. फोटो सकाळी नवाच्या सुमारास, सगळ्या खिडक्या उघडून आणि दिवे लावून काढा. न्हाणीघराचाही एक टाका, लोक तोच शोधत असतात. तेच फोटो आणि वस्तूंची यादी भाड्याच्या, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, कराराला जोडा. कराराची नोंदणी करणं १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने घरमालकाची जबाबदारी आहे, एजंट ‘नंतर बघू’ म्हणाला तरी तुम्ही थांबू नका.

उद्या किल्ली घेऊन जाल तेव्हा आधी सगळ्या ट्रॅपमध्ये पाणी ओता, खिडक्या उघडा आणि पश्चिमेच्या भिंतीला प्लास्टिक लावून या. परवा ते काढताना दव कोणत्या बाजूला होतं ते मला कळवा, फोटोही पाठवा. सोसायटीला द्यायच्या अर्जाचा मसुदा मी त्यावरून करून देते.